ढगातला माळा

मे महिन्यात पुतणीच्या लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि त्याच सुरात माझा फोनही 'सावधान' म्हणाला. स्टोरेज भरले आहे, काही गोष्टी हटवा. अंतरपाट दूर व्हायला एकच मंगलाष्टक उरलं होतं, आणि ते ज्या आत्याबाईंच्या वाट्याला आलं होतं त्यांचा दम तोकडा. म्हणजे वेळ फारच थोडा.

अंतरपाटाचा फोटो माझ्याकडे होता. तसा फोटोग्राफर होता, त्याचे दोन मदतनीस होते, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन होता. पण थोरल्या भावाने सकाळीच बजावलं होतं, "त्यांचा अल्बम येईल तेव्हा हिचं डोहाळजेवण असेल. तू काढ आणि लगेच ग्रुपवर टाक." तेव्हा मी उजव्या मुठीत अक्षता आणि डाव्या हातात फोन धरून काय काय हटवता येईल ते अंगठ्याने चाचपायला लागलो.

पहिला आला मोदक. गेल्या गणपतीतला एकच मोदक आणि त्याचे ४१ फोटो. त्यातला चांगला कुठला हे ठरवायला चष्मा हवा होता आणि चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता. मग गॅस बुकिंगचे स्क्रीनशॉट. मग बाथरूमच्या भिंतीवरच्या ओलीचे १७ फोटो, वरच्या मजल्यावाल्यांविरुद्धचा पुरावा म्हणून जपलेले. मग खिशात चुकून चालू राहिलेला १४ मिनिटांचा व्हिडिओ. त्यात मिट्ट काळोख आहे आणि सुट्ट्या पैशांची खुळखुळ. हा तरी काढावा की नाही? अंगठा थबकला. १४ मिनिटं म्हणजे काही कमी नाहीत. उद्या लागला तर? तेवढ्यात ताशा कडाडला. मी घाईघाईने एका मोदकाचा बळी दिला आणि त्या जागेत एक फोटो बसवला. त्यात कुणाच्या तरी फेट्याचा तुरा आहे आणि तुऱ्याआड, आधीपासून माहीत असेल तरच ओळखू येणारी, नवरीची मुंडावळी.

पंगतीत मसालेभाताच्या मागोमाग सल्ल्यांची वाढ सुरू झाली. एकाने कार्ड घालायला सांगितलं. एकाने नवा फोन घ्यायला सांगितलं. एकाने सगळ्या ग्रुपांमधून बाहेर पडायला सांगितलं. तो अविवाहित होता. माझ्या सासरच्या ग्रुपवर रोज सकाळी अकरा जण सूर्योदय पाठवतात, आणि त्यातला एक जरी आपण पाहिला नाही तर संध्याकाळी त्याची विचारणा होते.

"मामा, क्लाउडवर टाक की सगळं," भाचा चिन्मय मठ्ठा पिता पिता म्हणाला.

'टाक' हा शब्द कानावर आला आणि पुढचा सगळा घोळ तिथेच ठरला. मराठीत 'टाक' आणि 'टाकून दे' यांत एका 'दे'चं अंतर आहे, आणि आमच्या घराण्यात तो 'दे' आजवर कुणी उच्चारलेला नाही. आमच्याकडे वस्तू टाकायची ती माळ्यावर. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराला स्वयंपाकघरावर ऐसपैस माळा आहे. त्यावर तांब्याचा बंब आहे, वडिलांचा टाइपरायटर आहे, तीनपैकी दोन पाती शाबूत असलेला पंखा आहे, मखराचा सांगाडा आहे आणि सगळ्यांत पुढे, दर्शनी जागी, १९९८ साली घेतलेल्या टीव्हीचा खोका आहे. टीव्ही जाऊन बारा वर्षं झाली. खोका आहे. खोक्यात थर्माकोलचे साचे आहेत, साच्यांमध्ये टीव्हीच्या आकाराची पोकळी आहे आणि त्या पोकळीत वॉरंटीचं कार्ड आहे.

तर क्लाउड म्हणजे माळाच, फक्त ढगात, हे मी मठ्ठ्याच्या दुसऱ्या पेल्याबरोबर पक्कं करून टाकलं.

कोणत्या कंपनीच्या ढगात मी खोली घेतली ते सांगत नाही. उखाण्यातसुद्धा सांगणार नाही, कारण दोष तिचा नव्हता. चौकशी करताना एवढं कळलं की या धंद्यातही आधी प्रसाद आणि मग पावती हीच पद्धत आहे. ॲपल ५ जीबी फुकट देतं, गूगल १५ देतं, पण त्या पंधरात तुमची मेलसुद्धा येते. गूगलने २०१५ साली जरा दाबून लहान केलेले फोटो अमर्याद आणि फुकट ठेवून घ्यायला सुरुवात केली होती. आख्खा देश जेवायला बसला. १ जून २०२१ला त्यांनी पंगत उठवली. मी नेहमीप्रमाणे हात धुवायच्या वेळी पोचलो होतो. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडं ठरलं. 'कोणकोणती फोल्डरं वर घ्यायची?' असं त्यांनी अदबीने विचारलं. मी म्हटलं, सगळी. तेव्हापासून सासरच्या अकरा सूर्योदयांचं रोजचं भाडं मी भरत होतो.

तीन रात्री फोन वायफायला लावून सामान वर चढवलं. चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या उमेदीने कॅमेरा उघडला. स्टोरेज भरले आहे.

चिन्मयला फोन लावला. "अरे, सगळं वर टाकलं, तरी खाली जागा कशी होत नाही?"

"मामा, वर गेली ती प्रत. मूळ फोनमध्येच आहे."

"म्हणजे भाडंही भरायचं आणि सामानही घरातच?"

"मामा, ते सिंक असतं. इकडे जे, तेच तिकडे. कायम."

"मग तिकडे कशाला?"

त्याला तेवढ्यात मीटिंग आली. हल्लीच्या मुलांना उत्तर आलं नाही की मीटिंग येते. मी मात्र हा शब्द घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "आपलं सिंक नीट कळलं पाहिजे." बायको म्हणाली, "त्यात काय कळायचंय? खरकटं काढून मग ताटं टाका, तुंबणार नाही." आज मागे वळून बघताना वाटतं, या विषयावर मला मिळालेला सर्वांत नेमका सल्ला तोच होता.

हा ढग असतो तरी कुठे, याचाही मी छडा लावला. मी रोज ठाण्याहून वाशीला लोकलने जातो. ऐरोली-रबाळ्याच्या बाजूला काही इमारती आहेत, दांडग्या, कोऱ्या भिंतींच्या. इतकी वर्षं मला ती शीतगृहं वाटत होती. आमच्या डब्यातल्या एका आयटीवाल्याने सांगितलं की ती डेटा सेंटरं. आत माणसं थोडी आणि यंत्रं फार, यंत्रांना चोवीस तास एसी, वीज गेली तर जनरेटर. म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता. शीतगृहंच ती, आत बटाट्यांऐवजी फोटो. माझा मोदक नेमका इथे आहे की सिंगापूरला, हे तो सांगू शकला नाही. पण तेव्हापासून ऐरोली आली की मी त्या बाजूला एक नजर टाकतो, पेन्शनीत निघालेला माणूस जुन्या शाळेकडे टाकतो तशी.

भाड्याचं म्हणाल तर ते काही नवं नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली ती दोन फ्रिज शेजारी शेजारी उभे करावेत एवढी होती. वजन टनाच्या वर. मावत होती पन्नास लाख अक्षरं, म्हणजे पाच एमबीसुद्धा नाही, एक मोदक जेमतेम. आणि त्या डिस्कसकटचं यंत्र महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळायचं. आठवण ठेवायची तर कुणाचं तरी घरभाडं भरायचं, हा रिवाज माझ्या जन्माआधीचा आहे.

पुढे काटकसर नडली. घरात माझा फोन, बायकोचा फोन आणि मुलीला अभ्यासासाठी घेतलेला आणि अभ्यास सोडून सगळ्याला वापरला जाणारा टॅब. तिघांना तीन खाती, तीन पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? मी तिन्ही यंत्रं माझ्याच खात्याला जोडली. माळा एक, वापरणारे तीन. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात वावगं काय दिसणार?

१५ ऑगस्टला आमच्या वाशीच्या बँकेत झेंडावंदन होतं. झेंडावंदनानंतर जिलबी असते. महाराष्ट्रात त्या दिवशी नाक्यानाक्यावर टेबलं मांडून जिलबी विकतात आणि ती न खाणं हा मी थोडासा देशद्रोह समजतो. मला तीन वर्षांपासून साखर आहे. त्या दिवशी मी चार वेढे खाल्ले आणि पाचवा हातात असताना कॅशिअरने फोटो काढला, माझ्याच फोनवर. पाक मनगटापर्यंत आलेला, डोळे अर्धे मिटलेले. फोटो खरोखर सुंदर आला होता.

दहा मिनिटांत मुलीचा, ईशाचा, फोन. "बाबा, जिलबी कशी होती?"

"कसली जिलबी?"

"टॅबवर आलीये. तुमच्यासकट. आई आत पुऱ्या तळतेय. मला ते हिरवे बूट घ्यायचे होते बघा."

बूट कबूल केले आणि थरथरत्या बोटाने फोटो हटवला. "गेला का गं?" "अय्या, इथूनपण गेला!" वाशीत बसून ठाण्यातला पुरावा नष्ट! मला विज्ञानाविषयी इतका आदर शाळेतही वाटला नव्हता. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, हे मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि आनंदाने विसरून गेलो. खायला मिळालं आणि पकडले गेलो नाही, की माणूस त्यातून काही शिकत नाही.

गणपतीच्या आधी बायकोने मखराचा सांगाडा काढायला माळा उघडला आणि टीव्हीच्या खोक्याकडे बघून ती एकच वाक्य म्हणाली, "या दिवाळीला हा जाणार." मी गॅलरीत गेलो आणि आईला फोन लावला. आई साताऱ्याला थोरल्याकडे असते. असल्या वेळी ती मला बळ देते, कारण तिच्याकडे आमच्या पाळण्याच्या कड्यासुद्धा आहेत. फोनमध्ये 'आई' शोधलं. दोन आल्या. एक जण दोनदा नोंदली गेली असेल असं समजून वरचीला बोट लावलं.

"हॅलो" ऐकू आल्याबरोबर मी सुरू झालो, "आई, ऐक. तुझ्या सुनेने माळा आवरायला काढलाय."

"मला ठाऊकच होतं!" पलीकडून आवाज आला. "तिला घरातली एक जुनी वस्तू बघवत नाही."

"खोका टाकून देणार म्हणते."

"देईलच. परवा माझं पितळी पातेलं दिलं. मला विचारलं होतं का कुणी?"

पातेल्याचं मला नवीन होतं, पण ओघ लागला होता. "माहेरी वळणच नाही ना," मी म्हणालो.

"अगदी मनातलं बोललास. तिच्या आईनेच लाडावून ठेवलंय."

"चिपळूणच्या माणसांना वस्तूची किंमत नाही, हेच खरं."

इथे पलीकडे शांतता पसरली. मग अतिशय सावकाश आवाज आला, "जावईबापू... तब्येत बरी आहे ना?"

बायकोने आपले सगळे नंबर फोनबरोबर माझ्या खात्यात आणले होते आणि तिच्याही आईचं नाव, साहजिकच, 'आई' होतं. सासूबाईंचा फोन साधा, बटणांचा. नाव वाचायला चष्मा लागतो. त्यांना वाटलं त्यांचा मुलगा आपल्या बायकोची तक्रार सांगतोय. चार वाक्यं आम्ही दोघं एकमेकांना जितके समजलो तितके गेल्या पंचवीस वर्षांत समजलो नव्हतो. पितळी पातेल्याबद्दल मी अजून कुणाकडे बोललेलो नाही, आणि चिपळूणबद्दल त्या बोललेल्या नाहीत. हा करार मात्र कुठल्याही ढगात नाही.

त्याच यादीत 'हे' नावाचा एक नंबर निघाला. तो माझाच होता.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. गणपती झाले. नव्या मोदकांनी फोन पुन्हा काठोकाठ भरला. सप्टेंबरअखेरची सकाळ, ठाण्याहून सुटलेली गाडी, खिडकीची जागा. मन प्रसन्न. मी विचार केला, सगळं वर माळ्यावर आहेच. मग खाली कशाला? ॲपमध्ये 'जागा मोकळी करा' असं एक बटण होतं. जे वर सुखरूप पोचलंय तेवढंच फोनमधून काढायचं आणि वरचं तसंच ठेवायचं, हे त्याचं काम. माझ्यासाठीच जन्माला आलेलं बटण. पण ते इतकं आपणहून पुढे पुढे करत होतं की मला ती जाहिरात वाटली. म्हणून मी माझ्या पद्धतीने सगळे फोटो निवडले आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं. 'हे फोटो तुमच्या सर्व उपकरणांवरून काढले जातील' असं काहीतरी आलं. मी रोज बँकेत लोकांना सांगतो, सही करण्याआधी वाचा. ऐरोलीला 'ठीक आहे' दाबलं. घणसोली यायच्या आत ६,४१२ फोटो गेले होते आणि मी डबाभर लोकांकडे हसून बघत होतो. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. ते उतरलंच होतं.

दुपारी बायकोचा फोन. तिचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की मी उभा राहून बोलतो.

"अहो, चिपळूणचे फोटो कुठे आहेत?"

"कुठले?"

"दादाच्या साठीचे. ईशाच्या बारशाचे. अप्पांचे शेवटचे. माझ्या फोनमध्ये एकही नाही. काल रात्री होते."

"मी तुझ्या फोनला हातही लावला नाही," मी म्हणालो. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला ते ओळखीचं वाटलं.

आठवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक आजी आल्या होत्या. नवरा-बायकोचं जॉइंट खातं, दोघांना दोन एटीएम कार्डं. आजोबांनी चार हजार काढले होते. आजींनी आपलं कार्ड माझ्यासमोर आपटलं. "हे बघा. हे मी डाळीच्या डब्यात ठेवलं होतं. बाहेर काढलंसुद्धा नाही. मग माझ्या कार्डातले पैसे कमी कसे झाले? त्यांच्या कार्डातले होऊ द्यात." मी हसू दाबून त्यांना तीनदा समजावलं होतं, "आजी, पैसे कार्डात नसतात, खात्यात असतात. कार्डं दोन, खातं एक." त्या जाताना म्हणाल्या होत्या, "ही तुमची पद्धतच चुकीची आहे." स्टाफला चहाच्या वेळी हा किस्सा मी नक्कल करून सांगत असे. नक्कल छान व्हायची.

संध्याकाळी चिन्मयला घरी बोलावलं. तो फोन बघत शांतपणे म्हणाला, "मामा, फोन तीन, खातं एक."

"ही पद्धतच चुकीची आहे," मी म्हणालो.

तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हवा होता लॉकर, आणि त्याने उघडलं होतं जॉइंट खातं. सिंकचं कामच मुळी तीन ठिकाणी एकच चेहरा दाखवण्याचं. ड्रॉपबॉक्स काढणाऱ्या ड्रू ह्यूस्टनची गोष्ट सांगतात की बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाताना बसमध्ये बसल्यावर त्याला आठवलं, पेनड्राइव्ह घरीच राहिला. चिडून त्याने अशी सोय करायला घेतली की फाइल कुठूनही दिसावी आणि २००७ साली तिची कंपनी झाली. मी गेल्या वर्षात अकरा वेळा डबा घरी विसरलो, पण कँटीनच्या पलीकडे माझी झेप गेली नाही. मुद्दा असा की त्या पोराला घरातली अडगळ हलवायची नव्हती. घरातलं जे आहे ते बसमध्येही हवं होतं. मला ते बसमध्ये नको होतं आणि घरातही नको होतं, आणि तरी ते असायला हवं होतं. असं काही अजून निघालेलं नाही.

"आता?" बायकोने विचारलं. ती माझ्याशी बोलत नव्हती, चिन्मयशी बोलत होती.

"कचरापेटीत असतात मामी. कुठे ३० दिवस ठेवतात, कुठे ६०. यांच्याकडे ६० आहेत."

म्हणजे या ढगातही माळ्यावरचा माळा होता! टाकून देणाऱ्यांनाही आपल्यासारख्यांची काळजी असते हे बघून मला गहिवरून आलं. चिन्मयने 'सर्व परत आणा' दाबलं. आम्ही चौघं टॅबभोवती बसलो. दादांची साठी आली, बारसं आलं, अप्पा आले, आणि बायकोने पदर डोळ्याला लावला. मोदक आले, ओल आलेली भिंत आली, काळोखाचा व्हिडिओ आला. त्याच्यामागोमाग, ६० पैकी ४५ दिवस पेटीत काढून, मनगटापर्यंत पाक ओघळलेला मी आलो. डोळे अर्धे मिटलेले.

कुणी काही बोललं नाही. बायकोने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाक मोठा झाला.

"तारीख १५ ऑगस्ट," ती म्हणाली. "म्हणजे १७ तारखेला रिपोर्टमध्ये साखर वाढली ती माझ्या पुऱ्यांमुळे नव्हती."

ईशाने हिरवे बूट हळूच पलंगाखाली सरकवले. आणि माझा फोन म्हणाला, स्टोरेज भरले आहे.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता लॉकरच. दुकानात जाऊन ऐटीत मेमरी कार्ड मागितलं. दुकानदाराने माझा फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, याला कार्डाची खाचच नाही." आयफोनला ती कधीच नव्हती, बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनीही हल्ली ती बुजवली आहे. घराला माळा न ठेवता बाहेर भाड्याने खोली देणाऱ्या बिल्डरांची मला आठवण झाली. शेवटी तळहाताएवढी, काळी, एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. एक रविवार घालवून चिन्मयने सगळे फोटो तीत उतरवले. बायकोने स्वतःचं वेगळं खातं काढून आपलं माहेर त्यात नेलं, त्यामुळे माझ्याकडे उरले ते माझे. आणि मी भाडं बंद करून टाकलं.

"मामा, ढगातलं इतक्यात काढू नकोस. एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे," चिन्मय म्हणाला.

"माझ्या आजोबांच्या लग्नाचा फोटोही एकच आहे," मी म्हणालो, "आणि तो ८० वर्षं भिंतीवर आहे." हे बोलायला फार बरं वाटलं. फोन आणि ढग दोन्ही रिकामे केले. फोन इतका हलका झाला की उचलताना हात वर उडाला. डिस्कला चिकटपट्टी लावून तीवर 'महत्त्वाचे' असं लिहिलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि घरातली सर्वांत सुरक्षित, कुणी कधी हात न लावलेली जागा निवडली. थर्माकोलच्या पोकळीत, वॉरंटीच्या कार्डाशेजारी.

दिवाळीआधीच्या रविवारी मी केस कापून परत येत होतो. नाक्यावर भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. गाडीवर एक पातं नसलेला पंखा होता. असाच एक आपल्याकडेही आहे, असं म्हणून मी चार पावलं पुढे गेलो. मग थांबलो. पंख्याखाली १९९८ होतं.

"अहो, तो खोका!"

"पुठ्ठा काका, पुठ्ठा. बाईंनी दिला. पैसे दिले त्यांना."

"आत बघा. आत काळी वस्तू आहे."

त्याने थर्माकोल उपसला. पिशवी निघाली. पिशवीतून डिस्क निघाली. मी हात पुढे केला, पण त्याचा हात सवयीने तराजूकडे गेला. लटकणाऱ्या काट्याला त्याने पिशवी अडकवली आणि आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. पुतणीची मुंडावळी, ४१ मोदक, पाच गणपती, बाथरूमची भिंत, १४ मिनिटांचा काळोख, अकरा जणांचे सगळे सूर्योदय आणि जिलबी मिळून पावणेदोनशे ग्रॅम. आयबीएमची टनाची असती तर दिवाळीचा बोनस सुटला असता.

"प्लास्टिकच्या भावाने दोन रुपयेसुद्धा नाहीत," तो म्हणाला. "घेऊन जा. यात आहे तरी काय?"

"फोटो."

"मग मोबाइलमध्ये का नाही ठेवत?"

मी डिस्क छातीशी धरली. तेवढ्यात वर गॅलरीतून बायकोचा आवाज आला. तिला सगळा प्रकार दिसला होता. "अहो, डिस्क आणा! खोका आणू नका!"

भंगारवाल्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. खोक्याला त्याने वीस रुपये मागितले. बाईंना दिले होते त्याच्या दुप्पट. मी घासाघीस केली नाही. एका हातात डिस्क आणि डोक्यावर खोका घेऊन जिना चढलो. वॉरंटीचं कार्ड आतच होतं.